अंगातला गंज

३ जानेवारी, पहाटे ५.२०
संकल्प : रोज दहा किलोमीटर धावणे. धावलं की डोकं थंड होतं म्हणे. बायकोने काल स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा कुणावर हात उचललात तर मुलीला घेऊन आईकडे जाईन. ती खरंच जाईल.

५ जानेवारी
चार किलोमीटर. झकास! परतताना पेपरवाला आडवा आला. त्याची सायकल उचलून गटारात टाकली. हात सायकलवर उचलला, माणसावर नाही. हे धरायचं नाही.

११ जानेवारी
आठ किलोमीटर. आणि माझ्या रागाचं कारण सापडलं! मासिकात लेख आलाय : लांब धावलं की फ्री रॅडिकल्स नावाचे गुंड अंगात सुटतात आणि आपल्याच पेशींना झोडपतात. नाव ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. म्हणजे सरळसरळ गंज! वीस वर्षं लोखंडी गेटं घासून रंगवतोय, गंज मला शिकवू नका. मारामारी हे करतात आणि बदनाम मी.

१२ जानेवारी
गंजावर दोन हात प्रायमर. व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या, सकाळी चार, संध्याकाळी चार. औषधवाला म्हणाला, एवढ्या कशाला, सरावाने शरीर आपलं आपण निभावतं. त्याच्या काउंटरची काच फोडली. पहिला हात अजून वाळायचा होता.

२० जानेवारी
पंधरा किलोमीटर! वर्कशॉपमध्ये भागीदार म्हणाला, गेटाच्या कोपऱ्यात गंज राहिलाय. मला! तारेचा ब्रश फेकून मारला. त्याच्या कपाळाला तीन टाके. नेम माझा नव्हता, रॅडिकल्सचा होता. बायकोने बॅगा भरल्या. म्हटलं, थांब, रक्तातच पुरावा आहे, तपासायला देतो. रिपोर्ट येईपर्यंत थांबते म्हणाली. जिंकलो.

२४ जानेवारी, दुपारी १
रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस-बिस काही नाही, रक्तात कसलाच दोष नाही, धावणं चांगलं मानवलंय. बायकोने कागद दोनदा वाचला. मी ओरडलो, लॅबवाला चोर आहे, त्याचे दात घशात घालतो! तिने रिक्षा बोलावली.

दुपारी १.३०
गेल्या. निघताना मुलगी दारात थांबली होती. मी हात वर केला, तर तिने डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि खाली बसली.
मी नुसता टाटा करत होतो.