अखाजीचा मुराळी

अकोला, जुनं शहर
शके १७८५, फाल्गुन शुद्ध दशमी

चिरंजीव उत्तमराव यास मैनाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुह्या कापसाच्या गाड्या काल पुन्हा माह्या दारावरून गेल्या, अन् तू पुन्हा त्यात नव्हता. तुह्या गाडीवानाईले म्या भाकर देली, वांग्याची भाजी देली, बैलाईले मोटेचं पाणी पाजलं. हे तिसरं साल. कापसाले खामगावाले जायची वाट माह्या दारावरून हाय, अन् मले माह्या माहेराची वाट नाही. तुही बहीण मी हाय का कापूस, ते एकदा सांगून टाक.

लोकं म्हणतात, समुद्रापल्याड गोऱ्याईची लढाई लागली म्हणून आपल्या कापसाले सोन्याचे दिवस आले. लढाई त्याईची, अन् बंद झालं माहं माहेर.

बाबा होते तवा दरसाल अखाजीच्या, वैशाखातल्या तीजेच्या आधी दमणी जुपून मुराळी होऊन येत. मी सैपाकात असो का वावरात, घुंगराचा आवाज आला की सासू म्हणे, जा वो, तुले न्याले आले. बाबाईच्या मागं दोन साल तू आला. मंग कापूस आला अन् तू गेला.

यंदा मले येचंच हाय, अन् बाबा नेत तसंच हळू येचं हाय. पहिला मुक्काम बोरगावच्या अमराईत. दुसरा मूर्तिजापूरजवळ उमेच्या काठी, तिथी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजू. तिसरा कुरुमच्या विहिरीवर, त्या मोठ्या आंब्याखाली. बाबा तिथी तोंडावर पागोटं टाकून निजत, अन् आपण दोघं मिठासंगं कैऱ्या खात बसू. तू येवढासा होता, मले न्याले येतो म्हणून रडून रडून गाडीत चढत होता. आठवते का, का तेही इकून टाकलं?

चवथ्या दिवशी बडनेऱ्याले थकलेले नसले तरी बाबा बैल सोडत. मी तोंड धुवून नवं लुगडं नेसावं म्हणून. अमरावतीच्या बायकाईनं म्हणावं, मैनाले अकोल्यात बरं ठेवते, येवढंच त्याईले पाह्यजे होतं. घर जवळ आलं म्हणून बैल कधी पळवले नाही त्याईनं. माहं माहेर बोरगावपासूनच सुरू होत होतं.

यंदाच काहून म्हणशीन तर ऐक. रुख्मिणीचं लग्न झालं, पण अजून माह्यापाशीच हाय. येत्या जेठात तिले तिवस्याले नांदाले धाडतो. पुढच्या अखाजीले ती माहेरी येईन, तवा दारात मी उभी पाह्यजे. म्हणजे लेक म्हणून माही ही शेवटची अखाजी. पुढं मी नुसती माय.

भावजयीले आशीर्वाद. लोभ ठेव. नाही ठेवला तरी माहा हाय.

मैना


अमरावती
शके १७८५, फाल्गुन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप बाई यांचे सेवेसी, उत्तमरावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र गाडीवानानं माझ्या हाती असं दिलं, जसा काही इंगळ आणला. तू त्यालाही दोन शब्द सुनावलेले दिसतात. तुझं अक्षर पाहून माणिक म्हणाली, वन्सं लिहीत नाहीत, वखर चालवतात. तिचा तुला नमस्कार.

बाई, मी तुला विसरलो असं म्हणू नको. तुझी वांगी गाडीवान इथपर्यंत वाखाणत येतात, आणि मी ऐकत बसतो. पण जेठ लागेपर्यंत माझी प्रत्येक गाडी बोललेली आहे. पाऊस पडायच्या आत सगळा कापूस पलीकडे गेला पाहिजे. मी चार-आठ दिवस निघालो तर मागे गाड्या अडतात, माणसं अडतात. तू म्हणतेस तसं अमराईत बैल सोडून बसायचे दिवस राहिले नाहीत. वाट इतकी भरलेली असते की जो थांबला त्याची जागा गेली.

तरी मी तोड काढली आहे. शेषराव म्हणून माझा भरवशाचा गाडीवान आहे. त्याला दमणी घेऊन पाठवतो. बैल तरणे आहेत. पहाटे निघा, मूर्तिजापूरला रात्र काढा, दुसऱ्या दिवशी दिवे लागायला घरी. मुराळ्याच्या हाती द्यायचं लुगडं, नारळ, सगळं त्याच्या हाती देतो. मानात काही कमी पडणार नाही. रुख्मिणीलाही आण. अखाजीला सांजोऱ्या माणिक तुझ्या पद्धतीनं करणार आहे, म्हणजे गूळ जास्त.

किसनराव दाजींना नमस्कार. राग धरू नये, माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा उत्तम


अकोला, जुनं शहर
शके १७८५, फाल्गुन वद्य अष्टमी

चिरंजीव उत्तमराव यास आशीर्वाद. वि. वि.

शेषरावले मुराळी करून धाडतो म्हणतोस! मंग भाऊबीजेले त्यालेच ओवाळतो, अन् मेली तर चोळी-बांगडीही त्याच्याच हातची घेतो. पगारी माणूस मुराळी होते हे म्या अमरावतीतूनच पहिल्यांदा ऐकलं. माणूस भला असन, माहं त्याच्यासंगं भांडण नाही. पण दारात घुंगरू वाजले अन् गल्लीतल्या बायका पाहाले आल्या, तर मी काय सांगू? माह्या भावाचा गाडीवान आला म्हणू? मुराळी नाही तर मी जात नाही. तुहं लुगडं तूच नेस.

हे झालं माहं. आता दुसरं.

तुहं पत्र आलं तवा रुख्मिणी मेथी निवडत होती. म्या वाचलं, अन् तोंडात आलं ते बोलली. तिनं समदं ऐकून घेतलं. मंग मान खाली घालूनच इचारलं, बाई, मामा तुलेच न्याले येत नाही, तर मले तिवस्याहून कोण आणन?

उत्तम, मले पोरगा नाही, हे तुले ठाऊक हाय. भगवंतराव म्हणून तिचा चुलता हाय, तो गुडघ्यानं बसलेला. तिच्या बापाले मोट सोडून हालता येत नाही. तिचा मुराळी तू. तिच्या लग्नात मामा म्हणून तूच अंतरपाटामागं उभा होता. तिवसा तुह्या अमरावतीहून काय दूर हाय? पण जो बहिणीले आणाले थांबत नाही तो भाचीले आणाले कधी थांबन?

मी तिले म्हटलं, येईन मामा. मेथी निवड. तिनं मेथी निवडली, पण देठं ठेवले अन् पानं फेकले.

तू मले येवढंच सांग. काम आडवं येते, हे खरं हाय का आणखी काही हाय? तू लहानपणी खोटं बोलत होता तवा पत्रासारखाच गोड बोलत होता.

भावजयीले सांग, सांजोऱ्यात गूळ जास्त नाही, बरोबर घालतो मी. तुह्यावर जीव हाय म्हणून तोंड सुटते.

मैना


अमरावती
शके १७८५, फाल्गुन वद्य अमावास्या

तीर्थस्वरूप बाई यांस, उत्तमरावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

उद्या पाडवा. आज अकोल्याकडे गाड्या निघताहेत, म्हणून घाईनं लिहितो.

रुख्मिणीचं वाचून जेवण गेलं नाही. माणिक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते न बोलणं बरं असं बोलली.

तू विचारलंस म्हणून सांगतो. बाई, तुला ज्या वाटेनं यायचं आहे ती वाट आता नाही. बोरगावच्या अमराईत बैलबाजार भरल्यासारखा चिखल-शेण आहे. उमेच्या काठी भांडणं होतात, पाण्यासाठी. कुरुमचा आंबा गेल्या साली तोडला, गाड्यांच्या फळ्या करायला. विहीर तेवढी आहे. आगगाडीचे रूळही इकडेच सरकताहेत. उद्या त्या वाटेला कुत्रं विचारणार नाही.

बाबांचा पवळ्या तुला आठवत असेल, तो तांबडा, कपाळावर पांढरा. म्हातारा झाला, पण ताकद होती म्हणून गेल्या हंगामात मी त्याला कापसाच्या गाडीला जुंपला. कुरुमच्या विहिरीपाशी आला आणि उभा राहिला. आंबा नाही, सावली नाही, हा भर उन्हात उभा, जू कोणी उतरवील म्हणून वाट पाहत. मागच्या गाडीवानांनी शिव्या घातल्या. एकानं पराणी टोचली. जागचा हालला नाही. कुरुमपर्यंत गाड्या पोचवायला मीही होतो, शेवटी मीच जू काढलं. तो आपला आपण विहिरीकडे गेला, पाणी प्याला, आणि आपणहून परत येऊन मान पुढे केली.

तेव्हापासून त्याला ओळीत घालत नाही. घरी बांधून ठेवला आहे. माणसं म्हणतात, कसायाला नाही तर बाजाराला दे. देववत नाही.

माझंही त्याच्यासारखंच आहे, बाई. धावत गेलो तर ती वाट कापसाची वाटते. हळू गेलो की बाबांची होते. मग मला पुढे जाता येत नाही. तू खोटं म्हणालीस ते एवढंच.

तेव्हा हट्ट सोड. आंबा तोडलेला पाहून तुलाच रडू येईल. रुख्मिणीला मी आणीन, कसंही करून. पण अखाजीला मला बोलावू नको.

थोरल्या बहिणीनं धाकट्याला जशी माफी द्यावी तशी द्यावी.

उत्तम


अकोला, जुनं शहर
शके १७८६, चैत्र शुद्ध पंचमी

चिरंजीव उत्तमराव यास आशीर्वाद. वि. वि.

आंबा गेला हे मले तू सांगून राहिला? तुह्या गाडीवानाईनं मले परसालच सांगितलं. म्या रडून घेतलं, चुलीपाशी, कोणाले दिसू नाही देलं. उमेचं भांडणही ठाऊक हाय. अमराईतला चिखलही ठाऊक हाय. समद्या वऱ्हाडाचे गाडीवान माह्या दारी भाकर खाऊन जातात, अन् मले वाट ठाऊक नाही?

झाड पाहाले नव्हतं येचं मले. तुह्यासंगं येचं होतं.

आता मी काय ठरवलं ते कान देऊन ऐक, अन् मधात बोलू नको. मुराळी भावानं व्हावं, बहिणीले न्यावं, हे झालं. पण भाऊच वाटेत अडकला असन तर त्याले आणाले कोणी जावं? म्हणून मी येतो. यंदा मुराळी मी. रुख्मिणीच्या बापाले म्या सांगितलं. आधी ते हासले, मंग म्हणाले, मोटेचे बैल गेले तर वांगे वाळतीन. म्या म्हटलं, वाळू द्या. मंग तेच उठले अन् चाकाले वंगण घालाले बसले. शेजारच्याचे बैल दिवसाआड मोटेले मागून घेतले हाय. लोकं हासतीन म्हणशीन तर हासू दे. बाजारात बसून भाजी इकतो मी, लोकाईचं हासणं पाहूनच हाय.

तुह्या गाड्या खामगावहून परत येतीन त्याईच्या मागं आम्ही मायलेकी निघू, म्हणजे सोबत झाली. येताना जोरात येऊ, तुही घाई तुले. पण वैशाख लागला की परततानी गाडी माही. माहा एक बैल तुह्या दावणीले बांधीन अन् पवळ्याले जुपीन. तो थांबन तिथी थांबू, निघन तवा निघू. त्याले बाबाईनं शिकवलं, त्याले इचाराची गरज नाही.

अखाजीले कुरुमच्या विहिरीवर असू. अखाजीची बाबाईच्या नावाची पाण्याची घागर दरसाल तू घरी भरतो, यंदा तिथी भरू. त्याईनं जिथी बैलाईले आधी पाणी पाजलं अन् मंग आपण प्याले, तिथीच. आंब्याचं खोड राह्यलं असन, त्याच्यावर ठेवू घागर. रडू आलं तर रडू, कापूस काही पाहत नाही. रुख्मिणी समदं पाहून ठेवन. कोणत्या विहिरीवर कोण थांबत होतं ते तिले ठाऊक असलं पाह्यजे, म्हणजे पुढच्या साली तू तिले आणशीन तवा तिलेच तुले सांगता येईन.

मंग चार दिवस माह्या घरी पाहुणा म्हणून राहा. गल्लीतल्या बायकाईले सांगीन, भावाले माहेरी आणलं. भावजयीलेही गाडीत घे. तिले वखर चालवणारी वन्सं पाहू दे.

जीव जपून ठेव, मी येईतो.

हनुमान जयंतीच्या सकाळपर्यंत तुहा जबाब माह्या हातात पाह्यजे. पवळ्याले आता सरकी चावते का ढेप भिजवून द्याची, ते लिही. अन् रोडग्यासंगं तुले वरण पाह्यजे का वांग्याची भाजी, तेही लिही. येतो का नाही, हे म्या इचारलेलं नाही.

मैना