टपावरची प्लेट

वाडी, नागपूर
दि. २० मे १९८४

चि. लहानूस चंपतदादाचे अनेक आशीर्वाद.

हैदराबादचं पाणी तुला मानवलं असेल, नोकरीही ठीक चालली असेल. वयनीच्या नावाने तू पाठवलेलं कार्ड चैत्रातच पोचलं. उत्तराला उशीर झाला. तसे आपण दोघं भाऊ सात महिने तोंड शिवूनच बसलो आहोत, तेव्हा या उशिराचं तुला नवल वाटायला नको.

इकडे ऊन असं की ट्रकच्या टपावर भाकर भाजून निघेल. भाकरीवरून आठवलं, मी आता स्वतः थापायला शिकलो. पहिल्या चार-पाच तर रामाजी मिस्त्रीच्या कुत्र्याने नुसत्या हुंगल्या आणि तो निघून गेला. रामाजी तुझी आठवण काढतो. म्हणतो, 'तुह्या खानदानात सूर्याले कामावर लावणारा लहानू पयलाच गा!'

गाडी चालू आहे. नाक्यावर लाईनीत उभा असलो तरी इंजिन बंद करत नाही. डिझेल जळतं तर जळो. घरासमोर आलो तरी थोडा वेळ ते तसंच धडधडत ठेवतो. आत काही आवाज नसतो ना, म्हणून.

मी हे पत्र प्लेटीबद्दल लिहायला बसलो आहे. त्यातलं पुष्कळ तुला ठाऊक आहे, पण ते ओळीने लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. कंटाळू नकोस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू ती उन्हावर वीज करणारी प्लेट घेऊन आलास. कोपरा तडकला म्हणून तुमच्या कारखान्याने बाजूला काढलेली, पण आतल्या गोल काळ्या चकत्या छत्तीसच्या छत्तीस धड. मी हसलो होतो. तू म्हणालास, 'दादा, नाक्यावर तू घंटा-घंटा इंजिन चालू ठेवून राहिला, काहून? बॅटरी बसली का सेल्फ मारत नाही म्हणून न? हे प्लेट दिवसभर बॅटरी भरत राहीन. तू बिनधास्त इंजिन बंद कर.' सबंध दुपार टपावर बसून तू ती कॅरिअरला बोल्टांनी आवळलीस. मग मीटर लावून दाखवलंस. काटा वर चढला. तू एका चकतीवर तळहात ठेवलास आणि काटा धपकन खाली आला. 'पाह्य गा दादा, एक झाकली का सारी लाईन बसते.'

मी ते डोळ्यांनी पाहिलं. तुझी वयनी तेव्हा चुलीपाशी होती, तिने पाहिलं नाही. एवढं लक्षात ठेव.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. दोन दिवसांनी मी काटोलहून संत्री भरून रायपूरला निघालो. देवरीच्या नाक्यावर जन्मात पहिल्यांदा ऐटीत इंजिन बंद केलं आणि चहा प्यायला उतरलो. लाईन हलली, तेव्हा सेल्फने नुसतं कटकट केलं. मागे तीस-चाळीस गाड्यांचे भोंगे. शेवटी दहा-बारा ड्रायव्हरांनी धक्का मारला. त्यातला एक हसून म्हणाला, 'क्या उस्ताद, आज सूरज छुट्टी पे है क्या?' लोकांच्या हसण्याला मी किती भितो ते तुला माहीत आहे. परतीच्या सगळ्या वाटेवर मी तुझ्यावर दात खात आलो.

घरी तू जेवायला बसला होतास. मी चपलाही काढल्या नाहीत. 'कारखान्यानं फेकलेला माल आणून भावाच्या डोक्यावर बसवला!' असं म्हणालो. त्याहून वाईट बोललो, ते लिहीत नाही. तू शांतपणे म्हणालास, 'मी वर चढून पायतो. कुठंतरी झाकली असन.' मी म्हणालो, 'माह्या गाडीले हात लावू नोको.'

तू ताटावरून उठलास. वयनी डबा भरून तुझ्या रिक्षामागे नाक्यापर्यंत धावली आणि भरलेला डबा घेऊन परत आली. 'तुमी एक डाव वर चढून पाह्यलं असतं तं काय झालं असतं?' एवढंच बोलली. मी चढलो नाही. चढलो आणि तुझं खरं निघालं तर काय, हीच भीती होती. प्लेट तशीच राहिली.

गेल्या आठवड्यात ती काढून भंगारात टाकावी म्हणून टपावर चढलो. फडक्याने धूळ पुसली. बरोबर मधल्या चकतीवर, ती पुरती भरून, लाल स्वस्तिक निघालं. कुंकवाचं नाही, ऑइलपेंटचं. दसऱ्याला पेंटरने गाडीचा नंबर नवा करून दिला होता आणि उरलेला डबा ओट्यावर ठेवला होता, आठवतं? नवी वस्तू घरात आली की तिला स्वतःचं बोट लावल्याशिवाय तुझी वयनी ती वापरू देत नसे. तुझ्या सायकलच्या मडगार्डवर, रेडिओच्या पाठीवर, सगळीकडे तिची स्वस्तिकं. कुंकू पावसाने धुऊन जातं म्हणून या वेळी तिने पक्का रंग घेतला असेल. आपण दोघं आपट्याची पानं वाटत हिंडत होतो, तेव्हा ही बाई एकटी टपावर चढली असणार. ती चढली हे आपल्याला ठाऊक नाही, एक चकती झाकली की सारी लाईन बसते हे तिला ठाऊक नाही. तुझी वायरिंग पहिल्या दिवसापासून ठीक होती, लहानू. चूक माझी आहे. तू वर चढतो म्हणालास आणि मी चढू दिलं नाही.

स्वस्तिकाची चार टिंबं बोट टेकवून काढलेली आहेत. त्यांत बोटाच्या रेषा जशाच्या तशा दिसतात.

तिला हाक मारून सांगावं असं फार वाटलं. 'वं देवकी, पाह्य तुह्या भक्तीनं काय केलं!' तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

या पत्राच्या डोक्यावर मी श्री लिहिलेला नाही. नजरेतून सुटलं असेल तर आता वर बघ. तो लिहायचा राहिलेला नाही. अशुभ बातमीच्या पत्रावर तो घालत नाहीत.

तुझ्या वयनीला कावीळ झाली आणि पोटात उतरली. पंधरा दिवस दवाखान्यात होती. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आता जे लिहितो ते वाचून तू हे पत्र चुलीत घातलंस तरी मी काही म्हणणार नाही. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, 'लहानूले तार करा न.' मी तारऑफिसात गेलो. फॉर्मवर तुझा पत्ता लिहिला. मग मनात आलं, मी थोरला, आधी मी वाकू? आणि फॉर्म चुरगाळून खिशात घातला. परत येऊन तिला सांगितलं, 'केली.' ती दोन दिवस दाराकडे डोळे लावून होती. तू आला नाहीस, तर म्हणाली, 'कारखाना सुट्टी देत नसन त्याले.' जाताना तुझीच बाजू घेऊन गेली. तू सात वर्षांचा असताना ती या घरात आली आणि आई नसलेल्या तुला तिने आपलं पोर मानलं. त्या पोराला मी तिचं तोंड पाहू दिलं नाही. तो फॉर्म अजून माझ्या खाकी शर्टाच्या खिशात आहे. मी तो शर्ट धूत नाही.

मग तुझं कार्ड आलं. 'वयनी, दादाचा राग उतरला का?' राग केव्हाच उतरला रे. मागे राहिली ती नुसती लाज.

रंग रॉकेलने निघेल, रामाजी म्हणतो. डबा आणि फडकं घेऊन मी दोनदा वर चढलो आणि दोनदा तसाच उतरलो. ते पुसलं की प्लेट चालेल आणि तिचं बोट जाईल. मला एकट्याला हे ठरवता येत नाही. तू ये. आधी आत बसून जेव, त्या दिवशीचं जेवण तुझं या घराकडे राहिलं आहे. भाकरीला नावं ठेवलीस तरी चालेल. मग दोघं वर चढू. पुसायचं का ठेवायचं, ते तू सांग.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी बाहेर जाऊन इंजिन बंद केलं. बॅटरी बसलेली आहे. गल्लीतली माणसं बोलावली तर धक्का मारतील, पण मी कुणाला बोलावलेलं नाही. गाडी दारातच उभी आहे आणि घरात फार शांत आहे. गल्लीत रिक्षा थांबली तर मला लगेच ऐकू येईल.

तुझ्या वयनीशी खोटं बोललेला,
तुझा दादा
चंपत