खर्र आवाजाची तक्रार

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज नोंद. रिसोडमध्ये हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारीचं, लायसन्स दोघांकडे. एक मी, दुसरा मोबाइल रिपेअरिंगवाला खालिद. त्यातला अभ्यासू मी. जिल्ह्याच्या हॅम ग्रुपवर शिस्तीचं काम मीच बघतो. कोणी दिलं नाही, पण कोणी काढूनही घेतलेलं नाही.

वैष्णवीला, म्हणजे आमच्या मुलीला, अमरावतीच्या कॉलेजात प्रोजेक्ट आहे. भागवतमामाच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी किती, ते रेडिओवरून थेट आमच्या गच्चीवरच्या खोलीत. डिजिटल डेटा. म्हटलं, बाबा आहे ना. आठवडाभराचं काम.

७ ऑगस्ट
नियम वाचले. गुप्त भाषेत काही पाठवायचं नाही. आता डेटा जातो तो मशीनच्या खर्र आवाजात, ती साधी भाषा कशी? शिवाय विहीर शेतीची, शेती हा धंदा, आणि धंद्याचे निरोप चालत नाहीत. हात बांधलेले आहेत.

वैष्णवीला फोनवर सांगितलं. तिचं म्हणणं, पद्धत सगळ्यांना माहीत असेल तर ते गुप्त कसं? मी म्हटलं, तर्क वेगळा, नियम वेगळा. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून खालिदकडे चहा. तो म्हणे, कोणालाही वाचता येईल असं पाठवा, आपला कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरची ओळख, द्या, बिनधास्त चालतं. आवाजातून अक्षरं काढणारं ॲप माझ्या मोबाइलमध्ये टाकून देत होता. मी मोबाइल दिला नाही. आज ॲप, उद्या आणखी काही.

डेटाचं किट मागच्या दिवाळीत आणलंय. अजून डब्यातच आहे. नियमांमुळेच.

२४ ऑगस्ट, रविवार
दिल्लीला लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहून खुलासा मागवतोय, असं घरी सांगितलंय. लिहायचं आहे अजून. इंग्रजीला शांतता लागते आणि खाली मिक्सर चालू असतो.

वैजयंती जेवताना म्हणाली, "तुमी नियमाच्या आड लपून राह्यले. पोरगी थे कॉलेजसाठी नाही, तुमच्यासाठी करून राह्यली."

लागलं जरा. पण बायकोला नियम कोण समजावणार?

अलीकडे गच्चीवरच बरं वाटतं. जिना उतरलो की वैजयंती विचारते, रस्त्यावर गेलो की खालिद विचारतो. वर कोणी विचारत नाही. वर करण्यासारखंही काही नसतं, ते सोडा.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्यांसाठी वैष्णवी आली. प्रसादाचं ताट वर आणून दिलं, प्रोजेक्टचं काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही. संध्याकाळी एक पिशवी घेऊन मामाच्या मळ्यात मुक्कामाला गेली. समजूतदार आहे.

३ सप्टेंबर, बुधवार
सकाळी सेटवर खर्र! थोड्या वेळाने पुन्हा खर्र! मी रोज खालिदशी बोलतो त्याच फ्रिक्वेन्सीवर. दुपारपर्यंत चालू. सिग्नल जोरदार, म्हणजे चोर जवळचाच. सगळं रेकॉर्ड केलं.

दुपारी रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, कॉलसाइन न देता बेकायदा प्रसारण, पुरावा जोडला आहे, कारवाई व्हावी. बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

रात्री वैष्णवी मळ्यातून परत आली. जेवताना विचारलं, सकाळी सेट चालू होता का? म्हटलं, होता, पण कोणी हरामखोर घरघर करत होता, त्याला सोडत नाही. ती ताटात बघत जेवली. मामाकडे दमली असेल.

४ सप्टेंबर
वैष्णवी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेली. ग्रुपवर चिडीचूप. माझा वचक आहे.

७ सप्टेंबर, रविवार
खालिद जिना चढून वर आला. कधी येत नाही. बसला आणि मोबाइल पुढे केला. माझंच रेकॉर्डिंग ॲपमध्ये घातलं होतं.

कॉलसाइन होता. प्रत्येक वेळी होता. वैष्णवीचा. नागपूरला लायसन्सची परीक्षा देऊन आली पोरगी, मला पत्ता नाही. पुढे विहिरीचं पाणी, अठरा फूट. त्याच्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी: बाबा, ऐकू येते का?

प्रत्येक खर्रमध्ये तेच.

खालिद म्हणाला, "सर, ग्रुपवर सगळ्याईनं त्याच दिवशी वाचलं. तुमाले सांगाची कोनाची हिंमत नाही झाली."

वैजयंतीला सगळं माहीत होतं. पोरगी दुपारपर्यंत विहिरीजवळ हँडसेट कानाला लावून बसली होती, म्हणाली. मी नुसतं हॅलो म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं असतं. मला रडू आलं. खालिदसमोरच.

अमरावतीपर्यंत माझा सेट पोचत नाही. फोन लावायला घेतला, ठेवला. उद्या लावीन. उद्या नक्की.

निदान ग्रुपवरची तक्रार काढावी म्हणून बोट दाबून धरलं. सगळ्यांच्या मोबाइलवरून काढायची मुदत संपली होती. आता सगळ्यांकडे ती तशीच राहणार, फक्त माझ्या मोबाइलवरून निघेल, एवढीच सोय होती.

नाही काढली.