लोहाराच्या घरातले बूट

३ नोव्हेंबर

मिळाली एकदाची नोकरी! स्टॉकहोमला येणारा पाहुणा आधी समुद्रातून वर काढलेलं जुनं जहाज बघतो, मग चित्रं, आणि पाय बोलायला लागले की टेकडीवरच्या आमच्या जुन्या घरांच्या संग्रहालयात येतो. मला लोहाराचं घर दिलंय. जुना लोकरी पोशाख घालून चुलीपाशी विणत बसायचं, कोणी विचारलं तर सांगायचं. टेबलाशी मेणाचा लोहार, बाकावर मेणाचा मुलगा, त्याच्या शेजारी एकाची जागा रिकामी. आईची खुर्ची माझी. तूवाची शाळा सुटायच्या आत माझी सुटी होते. आम्हा मायलेकींना आणखी काय हवं?

दारात सवयीने बूट काढले, तर माझ्यावर देखरेख करणारा टॉर्स्टेन हसत सुटला. अगं हेद्दा, इथे सगळे बूट घालूनच फिरतात, काढतात ते फक्त घरचे, म्हणाला. मी म्हटलं, बूट घालून घरात शिरले तर माझी आई थडग्यातून उठून येईल.

६ नोव्हेंबर

दाराशी काढलेले बूट आज आत मांडलेल्या घरच्यांच्या बुटांच्या ओळीत सापडले, लोहाराच्या लाकडी बुटांना चिकटून. टॉर्स्टेनला म्हटलं, चावटपणा पुरे. तो शपथेवर नाही म्हणाला. मग कॉफी ढवळत म्हणाला, तुझ्या आधीची गुनवोरही बूट काढायची. ती कुठे असते विचारलं, तर दालचिनीच्या पावाची ताटली पुढे केली.

११ नोव्हेंबर

पायाची बोटं बधिर. गारठा असेल. रात्री तूवाने पाय चेपले आणि म्हणाली, मम्मा, तुझा पाय मेणबत्तीसारखा लागतो. मी हसले. घाबरायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर

आज बूट काढलेच नाहीत. विणता विणता खाली पाहिलं, तर पायांत नुसते मोजे. बूट ओळीत.

एका बाईने तिच्या मुलाला दटावलं, हात नको लावूस, पुतळा आहे तो. मी जिवंत आहे, असं सांगणार होते. मग राहून गेलं.

२० नोव्हेंबर

गुडघे वळत नाहीत. काल घरी गेले का? तूवाला शाळेतून कोणी आणलं? वही मांडीवर आहे, लोकरीच्या खाली. पेन्सिल बोटांतून सुटत नाही, म्हणून लिहिते. टॉर्स्टेन येऊन गेला. हेद्दा, हेद्दा, अशा हाका मारत माझ्या समोरूनच —

२१

रडू येत नाही. तूवा आठवते, तेवढंच —

दारात टॉर्स्टेन. तूवाला घेऊन आलाय. म्हणतोय, बघ, इथेही नाही तुझी मम्मा.

पण तिने मला ओळखलं. मम्मा, घरी का नाही आलीस, म्हणते. हसतेय.

खाली वाकली. बुटाची नाडी सोडतेय. शहाणी माझी, मीच शिकवलंय —

नको, तूवा. बाकावरची ती जागा — बूट घालूनच ये, बूट घाल —