न परवडणारी चाचणी

६ फेब्रुवारी
शूझो घरी आला! अस्थिमज्जा बदलल्यानंतर इतके महिने हॉस्पिटलात काढून आज पायऱ्या स्वतः चढला. दारातला बर्फ बघून म्हणाला, "मी नाही तर फावड्याला कुणी हातच लावला नाही वाटतं!" टोमणा ऐकला आणि नवरा परत आल्यासारखं वाटलं.
किती अनोळखी माणसांचं रक्त गेलंय याच्या अंगात. कुणाकुणाचे पाय धरू?

८ फेब्रुवारी
मोरिओदादाने त्याच्या मांस भाजून खायच्या दुकानात जेवायला बोलावलं. शूझोला बाहेरचं वर्ज्य, म्हणून मी एकटीच. डुकराची कलेजी शेगडीवर टाकताच दादा ओरडला, "अगं, पुरे! चामडं करतेस की काय त्याचं?" शेजारी चिमटा होता, पण आमच्या कितामी गावात चिमटा धरतो तो परगावचा. ज्या जेवायच्या काड्यांनी कच्चं टाकायचं, त्यांनीच उचलून खायचं. आडवा हात मारला.

२ मार्च
आरोग्य खात्याच्या समितीची फाईल ऑफिसात माझ्याच टेबलावर यावी! दान केलेल्या रक्ताची 'ई' काविळीची चाचणी चालू ठेवायची की नाही — खर्च विभागाचं मत मी लिहायचं. साहेबांना घरची अडचण सांगितली. "मग तर तुम्हीच लिहा, इकुएसान."
हजारो पिशव्या तपासाव्यात तेव्हा एक दूषित सापडते. धडधाकट माणूस या काविळीतून बहुधा आपोआप बरा होतो. तेवढ्या पैशांत खेड्यांतून दोन फिरते दवाखाने चालतील.
पण अंगात प्रतिकारशक्तीच न उरलेल्या शूझोसारख्याचं काय? त्याला अजून रक्त लागणारच आहे. त्यालाच विचारलं.
"आधी सांग, तुझ्या हिशेबात मी कितीचा?" खूप हसला. मग म्हणाला, "माझ्याकडे बघून लिहू नकोस हं. दवाखान्याची वाट बघणारी माणसंच आहेत तीही."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. असा माणूस मला मिळाला!

१७ मार्च
रक्त देऊन आले. कच्चं मांस खाल्लं का, विचारलं — नाही म्हटलं. भाजलेलंच तर खाल्लं होतं! नर्सने गरम कोको दिला, पांघरूण नीट केलं. उपकार फिटत नाहीत, पण फार बरं वाटलं.

१८ मार्च
मत लिहून झालं. चाचणी बंद करावी. सोमवारी देते. जेवण गेलं नाही.

२२ मार्च
रक्तकेंद्राचा फोन. बाई फार मऊ बोलत होत्या. "घाबरू नका, तुम्हाला बहुधा काही होणार नाही. तुमच्या रक्तात 'ई' काविळीचा विषाणू सापडलाय, अर्धकच्च्या मांसातून येतो तो. तुमची पिशवी आम्ही बाजूला काढलीय."
हजारोंतली ती एक — माझी.
कुणाच्या तरी शूझोला माझ्या हातून काय दिलं जाणार होतं! लिहिलेलं मत फाडलं, नवं लिहायला घेतलंय. माझं रक्त त्यांनी कुणाच्याही अंगात जाऊ दिलं नाही — देव त्यांचं भलं करो.