दोन खुर्च्यांसाठी आठ दिवे

४ फेब्रुवारी

रिटायर होऊन आज एकवीस दिवस झाले. आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

मागचं अंगण काचा लावून बंद करून घेतलं, त्याला दोन महिने झाले. काम मी स्वतः तपासून घेतलं. सात चुका काढल्या, पाच दुरुस्त करून घेतल्या. पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी बघितली आहे, नजर अजून शाबूत आहे. मुलगी फोनवर त्याला पॅटिओ म्हणते, ही नुसतं 'मागचं' म्हणते. नाव काहीही असो, माझा हेतू एकच आहे. रोज संध्याकाळी हिच्याबरोबर तासभर तिथं बसायचं. नोकरीत असताना एकदाही जमलं नाही. घरी यायचो तेव्हा ही झोपायच्या तयारीत असायची. आता जमवायचंच.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

बसलो. मी जायच्या आधीच ही तिथं खुर्चीत बसलेली होती. रोज बसते म्हणे. अंधार पडेपर्यंत, आणि पडल्यावरही.

मी कारखान्यातली ती प्रसिद्ध टेस्टिंगची हकिकत सांगितली. ही 'हं' म्हणाली. मग युनियनचा किस्सा. 'हं'. एकूण अकरा वेळा 'हं', आणि एकदा 'अस्सं'.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. अंधार. समोरच्याचा चेहराच दिसत नसेल तर माणूस बोलणार कसा? मागे दिव्याचा पॉइंटच नाही. काम चालू असताना ठेवायचा राहून गेला. (त्या सात चुकांत ही नव्हती. असो.)

ठराव: मागे कायमस्वरूपी दिवे बसवायचे. तात्पुरतं काही नाही. पंधरा दिवसांत काम पूर्ण.

७ फेब्रुवारी

ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याची गरज आधी लेखी घ्यावी, हा माझा नियम. हिला कागदावर नऊ प्रश्न लिहून दिले. उत्तरं आली ती अशी. उजेड कोणत्या रंगाचा हवा: तुम्हाला आवडेल तो. छतात की भिंतीवर: कुठेही. किती दिवे हवेत: एक असला तरी चालेल. नसला तरी चालेल. अंधाराचा त्रास होतो का: नाही.

बिचारी. चौतीस वर्षं काटकसरीत काढल्यावर माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवयच उरत नाही. वाईट वाटलं. ठरवलं, सहा दिवे.

१० फेब्रुवारी, सकाळी ११

दिव्यांच्या दुकानात गेलो. दुकानात एका वेळी दीडदोनशे दिवे लागलेले. त्यात आपल्याला कुठला आवडला हे कसं ठरवायचं? एकाखाली उभा राहिलो की बाकीचे एकशे नव्व्याण्णव मधे येतात. डोळ्यांसमोर हिरवे ठिपके.

दुकानदारानं विचारलं, तिथं काय करता? म्हटलं, बसतो. तो म्हणाला, दोन माणसांना नुसतं बसायला एक दिवा पुरतो, तोही पिवळा घ्या. दुकानदार असून एकच घ्या म्हणतो! याला आपल्या मालावरच भरवसा नाही. मी पांढरे निवडले. चेहरा स्पष्ट दिसायला पांढराच लागतो. आमच्या तपासणीच्या टेबलावर पांढराच होता. तिथं केसाएवढी चीरही दिसायची.

१२ फेब्रुवारी

जुन्या कॅलेंडरची पानं कापून सहा गोल तयार केले आणि छताला डिंकानं चिकटवले. जागा नक्की करायची हीच शास्त्रशुद्ध पद्धत. तीन तास लागले. दुपारच्या लख्ख उन्हात मांडणी फार देखणी दिसत होती.

संध्याकाळी ही खाली बसलेली असताना दोन गोल तिच्या मांडीवर पडले. तिनं ते उचलून नीट एकावर एक ठेवले आणि पुन्हा बाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काय आहे? कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरचं मांजर. मी तिच्या खुर्चीची जागाही खडूनं आखून घेतली. दिवे एकदा बसले की खुर्ची हलवायची नाही, हे तिला समजावून सांगितलं. 'हं' म्हणाली.

१५ फेब्रुवारी

वायरमनला आज नऊला बोलावलं होतं. नऊला फोन: वाटेतच आहे. अकराला फोन: निघालोच. एकला फोनच लागेना. ही वाट नेमकी कोणत्या गावाहून येते कळत नाही.

१६ फेब्रुवारी

आला नाही. सोसायटीच्या पंपाचं काम निघालं म्हणे. पंपाचं! मला सांगतो!

१८ फेब्रुवारी

आला. पन्नाशीचा आहे, चष्मा दोरीनं गळ्यात. छताकडे बघून पहिला प्रश्न, हे गोल कशाचे? समजावलं. तो म्हणाला, साहेब, पट्टी मारून वायर वरून नेऊ, उद्या दिवा हलवायचा झाला तर हलवता येईल. मी म्हटलं, हलवायचा प्रश्नच येत नाही. वायर आत गेली पाहिजे, वरून प्लास्टर झालं पाहिजे. पर्मनंट म्हणजे पर्मनंट.

मग त्यानं विचारलं, वहिनी रोज इथं बसतात ना, त्यांना विचारलंत का? विचारलं म्हटलं. लेखी विचारलं. तो हसल्यासारखा वाटला. कारागिरांना कागदाचं महत्त्व कळत नाही.

२० फेब्रुवारी

घरभर सिमेंटची धूळ. स्वयंपाकघरात, कपाटात, माझ्या चष्म्यात. ही दिवसातून चार वेळा फरशी पुसते आहे. मी तिला म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललं आहे. ती फडकं पिळत होती.

२१ फेब्रुवारी

डोकं फिरायची पाळी. छतात दोन भोकं चुकीच्या जागी पाडली! मी दिलेले आकडे चोख होते. फक्त ते मी दाराच्या चौकटीपासून धरले होते आणि वायरमननं भिंतीपासून धरले. चौकट की भिंत, हे आधी विचारायचं काम त्याचं. तो म्हणतो, सांगायचं काम तुमचं. अर्धा तास यावरच काथ्याकूट. शेवटी मी तोडगा काढला. बुजवलेलं भोक कायम दिसतं, त्यापेक्षा तिथंही दिवे बसवायचे. म्हणजे आता आठ. खरं तर सहा कमीच पडले असते, हे मला आतून वाटतच होतं.

२४ फेब्रुवारी

तिसरा दिवा बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर खाली आहे. वायरमननं खालून बघितलं, शिडीवरून बघितलं, दिसत नाही म्हणाला. मी पट्टी लावून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, घरात बसायला येणारा माणूस पट्टी घेऊन येतो का? चौतीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी काम नापास केलं. तो शिडी घेऊन निघून गेला.

२५ ते २८ फेब्रुवारी

वायरमन आला नाही. फोन उचलत नाही. दिवे छतात आहेत, पण बटणाच्या जागी भिंतीतून वायरी लोंबकळत आहेत. मुलीचा फोन आला, पॅटिओ कसा दिसतोय विचारत होती. म्हटलं, शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. तिनं आईला द्यायला सांगितलं. दोघी बराच वेळ बोलल्या. ही इतकं बोलू शकते! मला ऐकू आलं ते एवढंच: 'अगं, त्यांना काहीतरी हवंच ना करायला.' कुणाबद्दल बोलत होती कळलं नाही. बहुधा वायरमनबद्दल.

१ मार्च

हीच जाऊन वायरमनला बोलावून घेऊन आली. त्याच्याशी काय बोलली ते सांगत नाही. तो मुकाट्यानं कामाला लागला. चार मिलिमीटरचा विषय मी मोठ्या मनानं सोडून दिला.

३ मार्च, संध्याकाळी ६.३०

काम फत्ते! पंधरा दिवसांऐवजी सव्वीस लागले, पण त्यातले सात वायरमनचे आहेत.

हिला खुर्चीत बसवलं, आखलेल्या जागेवर. मी समोर बसलो आणि आठही दिवे एकदम लावले. हिचे डोळे दिपले. तिनं पदर डोळ्यांवर धरला आणि 'छान आहे' म्हणाली. मग म्हणाली, बाहेरचं काहीच दिसत नाही. खरंच काचांमध्ये आता फक्त आम्ही दोघं दिसत होतो, चारही बाजूंनी. मला ते फार आवडलं. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, काय काका, दुकान टाकलं का? मी हात हलवला.

दोन मिनिटांनी ही उठून आत गेली. काम आठवलं म्हणाली. मी तासभर बसलो. वाट बघितली. पहिला दिवस आहे, भारावून गेली असणार.

४ मार्च

आली नाही. कपडे घडी करायचे होते म्हणे. एवढ्या उजेडात इथंच घडी करता आले असते. तसं सुचवलं. 'नको' म्हणाली.

५ मार्च

आली नाही. घरातही दिसेना. शोधलं तर गच्चीच्या जिन्यात बसलेली. तिथला बल्ब वर्षभर गेलेला आहे, कुणी बदलत नाही. म्हटलं, अगं, इथं काय करतेस? काही नाही म्हणाली. बसले आहे.

म्हणजे रंगात गडबड आहे. दुकानदाराचं खरं होतं, पिवळे हवे होते. त्यानं जरा जोर देऊन सांगायला नको का?

८ मार्च

आठही पिवळे बसवले. उजेड मऊ, लोण्यासारखा. हिला हाक मारली. दारातून डोकावून गेली. आधीपेक्षा बरे आहेत म्हणाली. आणि जिन्यात जाऊन बसली.

मला राग आला. खरं सांगायचं तर नुसता राग नाही. रडू येईल असं वाटलं, या वयात, दिव्यावरून. मी कुणासाठी करतो आहे हे सगळं? दोन खुर्च्या, आठ दिवे, आणि दुसऱ्या खुर्चीत कुणी नाही.

१० मार्च

वायरमनला बोलावून उजेड कमीजास्त करायचं बटण बसवून घेतलं. फिरवत फिरवत कमी केलं. ती जिन्यातून हलली नाही. वायरमनला विचारलं, याहून कमी होत नाही का? तो म्हणाला, साहेब, याहून कमी म्हणजे बंद. हत्यारं पिशवीत भरता भरता तो जिन्याकडे बघून म्हणाला, त्या दिवशी वहिनी बोलवायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, लवकर उरकून द्या एकदाचं, त्यांचं समाधान होऊ दे. मी विचारलं, कुणाचं? त्यानं चष्मा गळ्यात सोडला आणि चहा न घेताच गेला.

११ मार्च, संध्याकाळी

आज ठरवलं, सरळ विचारायचं. कागद नाही, प्रश्नावली नाही. आठही दिवे बंद केले आणि जिन्यात गेलो. ती तिसऱ्या पायरीवर होती. म्हटलं, चल, मागे अंधार केला आहे. ती नको म्हणाली. तुम्ही परत लावाल म्हणाली. नाही लावणार म्हटलं तर म्हणाली, मग उजेडाबद्दल बोलाल.

थोड्या वेळानं ती आपणहून बोलली. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली होती आठवत नाही. म्हणाली, दिवसभर मी घरात सगळ्यांना दिसत असते. दिसले की कुणाला तरी काहीतरी हवं असतं. आधी सासूबाई, मग मुलगी, आता तुम्ही. म्हणून अंगण उघडं होतं तेव्हापासून, संध्याकाळी तासभर मागे अंधारात बसते. तेवढा एक तास मी कुणाला दिसत नाही. बरं वाटतं.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही घरी कधी होतात?

मी एक पायरी खाली बसलो. मांजर भिंतीवरून जिन्यात येऊन तिच्या पायाशी बसलं होतं, तेही दिसत नव्हतं, फक्त घुरघुर ऐकू येत होती. मी गप्प होतो. ठरवून गप्प. कारखान्याचं एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, हे जमतंय. असंच रोज बसता येईल. न बोलता बसलं तरी काय बिघडतं. मी तसं म्हणणारच होतो.

तेवढ्यात तिनं विचारलं, अगदी मायेनंच विचारलं, की तुम्ही किती वेळ बसणार आहात?

निघतोच आहे म्हणालो.

आता मागे येऊन बसलो आहे. आठही दिवे लावले आहेत. अक्षर अगदी स्पष्ट दिसतं आहे.