भाव न बघता

मी, गुद्रून हेडलव, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एरेब्रू, स्वीडन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था करून ठेवत आहे. दडपण आहे ते माझं माझ्यावर. त्याची कायदा दखल घेत नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझा मुलगा तूरे याला. कायद्याने त्याला देय असलेला हिस्सा यातून भागतो. होडीही त्याचीच. त्याने ती दोन हिवाळे उघड्यावर सडवली आहे, तेव्हा आधी छप्पर घालावं.

२. हातमाग शेजारीण इंगेयर्डला. त्याची फणी तिने नेली ती परत आणलीच नाही. आता मागही तिकडेच जावा.

३. शेअर. आम्हा सहा मैत्रिणींचं शेअरमंडळ आहे. दर महिन्याला एकीच्या घरी कॉफी, वेलचीचे बन, मग हात वर करून ठराव. लाभांशातून ऑगस्टमध्ये, रिवाजाप्रमाणे कागदी टोप्या घालून, शेवंडांची मेजवानी. तोफगोळ्यांच्या एका कारखान्याचे शेअर आम्ही असेच, बन खाता खाता घेतले. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सगळा युरोप शस्त्रं मागवू लागला आणि माझा वाटा घराच्या किमतीवर गेला.

माझ्या वरच्या खोलीत खार्किवची झोर्याना राहते. नवरा आघाडीवर आहे. गेल्या वसंतात ती धावत खाली आली.

"आजी, ऐकलंत? युद्धबंदीची बोलणी सुरू झाली!"

मी भाव बघत होते. तो घसरत होता.

"अहो, तोंड का उतरलं तुमचं?"

"डोकं दुखतंय."

तिने मला चहा करून दिला. बोलणी फिसकटली त्या दिवशी मी दोन बन खाल्ले.

ऑगस्टच्या मेजवानीला मी तिला नेलं. कागदी टोपी सावरत तिने ग्लास उचलला. "तुमचे गोळे आहेत म्हणून आमची माणसं उभी आहेत." आम्ही सहाजणी खाली मान घालून शेवंडं सोलत राहिलो. खरं तर माझ्या मनावरचं ओझं तिथेच उतरायला हवं होतं. पण तिला गोळे हवेत ते युद्ध संपावं म्हणून. मला ते संपायला नको होतं.

तूरे म्हणतो, "आई, विकू नकोस हं. आत्ता तर कुठे सुरुवात आहे."

म्हणून हे शेअर शेअर म्हणून कोणालाही मिळू नयेत. माझ्या मृत्यूनंतर बाजार उघडेल त्या पहिल्या दिवशी वकिलांनी ते भाव न बघता विकावेत आणि पैसे झोर्यानाला द्यावेत. शेअरच दिले, तर रोज सकाळी तीही माझ्यासारखी बघत बसेल. आणि तिचा नवरा तिथे आहे.

साक्षीसाठी पेन उघडताना आमच्या मंडळातल्या माय-ब्रिटने विचारलं, "मग आजच का विकत नाहीस गं?"

"उद्या बघू," मी म्हणाले.

हे उत्तरही या मृत्युपत्राचा भाग समजावं.

सही: गुद्रून हेडलव

आम्हा दोघांसमक्ष एकाच वेळी सही झाली:
माय-ब्रिट सुंदेलिन, शेअरमंडळातली मैत्रीण
ओलोफ ब्रेडबेरी, शेजारी

एरेब्रू, ३ नोव्हेंबर २०२५